वळचणीपासून तळखड्यापर्यंत

ठाण्याच्या खारकर आळीत आणि चरईत, कल्याणच्या पारनाक्याच्या गल्ल्यांत, डोंबिवलीच्या स्टेशनाजवळच्या जुन्या वस्तीत उंच इमारतींच्या अधेमधे अजून काही लाकडी सांगाड्याची घरं उभी आहेत. खाली दगडी जोतं, त्यावर सागवानी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर कडीपाट आणि सगळ्यांत वर वासे, रिपा, कौलं. भिंती विटामातीच्या असल्या तरी घराचा भार लाकडानेच पेललेला असतो. अशा घरात राहणाऱ्यांच्या तोंडी एक वाक्य हमखास असतं : "जुनं सागवान आहे, त्याला काही होत नाही."

सागवानाला पुष्कळ काही होतं. ते सावकाश होतं आणि बहुतेक वेळा नजरेआड होतं, एवढंच. ही घरं टिकली यात सागवानाचा वाटा आहेच. पण दर उन्हाळ्यात कोणीतरी कौलांवर चढलं, गळकी जागा शोधली, पाणी कुठून येतं आणि कुठे जातं ते पाहिलं, याचा वाटा त्याहून मोठा आहे. लाकडी घराची निगा म्हटली की पॉलिश, वॉर्निश आणि वाळवीचं औषध आठवतं. खरं काम त्याआधी सुरू होतं. लाकूड भिजलंच तर ते पुन्हा वाळेल अशी सोय करणं, हे ते काम. या प्रकरणातल्या बाकी सगळ्या सूचना त्यातूनच निघतात.

ओंडक्यांचं घर आणि खांबांचं घर

उत्तर युरोपात आणि अमेरिकेत घर बांधताना अख्खे ओंडके आडवे रचून भिंती उभ्या करतात. फिनलंड-स्वीडनमधल्या वसाहतवाल्यांनी ही पद्धत १६३८ नंतर अमेरिकेतल्या डेलावेअर नदीच्या काठी नेली आणि पुढे ती 'लॉग केबिन' म्हणून जगभर ओळखली गेली. आपल्याकडे ही पद्धत रुजली नाही, याला लाकडाच्या स्वभावातच कारण सापडतं. लाकूड वाळताना आडवं आकसतं, लांबीत जवळजवळ आकसत नाही. आडव्या ओंडक्यांची भिंत त्यामुळे पहिली काही वर्षं काही सेंटिमीटर खाली बसत राहते, आणि दारं-खिडक्यांच्या वर तेवढी फट मुद्दाम सोडावी लागते. आपला खांब उभा असतो, म्हणून त्याची उंची बदलत नाही. शिवाय आपण लाकूड भिंतीच्या बाहेर उघडं न टाकता छपराखाली, लांब वळचणीच्या आत ठेवलं. हेलसिंकीत वर्षभरात साधारण सहाशे-सातशे मिलिमीटर पाऊस आणि बर्फ पडतो. ठाण्यात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांतच अडीच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. इतक्या पावसात लाकडाची उघडी भिंत उभी करण्याचा विचार इथल्या सुताराने केला नाही, हे त्याच्या शहाणपणाला धरूनच होतं.

लाकडाची मात्र या भागाला कधीच वाण नव्हती. शहापूर-मुरबाडच्या डोंगरांत साग आणि ऐन नैसर्गिकपणे वाढतो. सहाव्या शतकातला ग्रीक प्रवासी कॉस्मस इंडिकोप्लिउस्टीस याने कल्याण बंदरातून बाहेर जाणाऱ्या मालात तांबं-पितळ आणि कापडाबरोबर शिसवीच्या लाकडाची नोंद केली आहे. १६५७ मध्ये कल्याण-भिवंडी घेतल्यावर शिवाजी महाराजांनी आरमाराची सुरुवात केली तीही याच खाडीत. बंदर आणि मागे इमारती लाकडाचं जंगल, दोन्ही इथे हाताशी होतं.

सागवान किती टिकू शकतं याचे दोन दाखले देण्यासारखे आहेत. कार्ल्याच्या चैत्यगृहाच्या छताला लावलेल्या लाकडी कमानी सुमारे दोन हजार वर्षं जागच्या जागी आहेत. आणि मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याच्या देखरेखीखाली बांधलेली सागवानी युद्धनौका 'ट्रिंकोमाली' १८१७ मध्ये पाण्यात उतरली, ती आज इंग्लंडमध्ये हार्टलपूलच्या गोदीत तरंगते आहे. दोन्ही टिकण्यामागची कारणं अगदी वेगळी आहेत. कार्ल्याच्या कमानींना ऊनही लागत नाही आणि पाऊसही. जहाजाची दुरुस्ती मात्र सतत होत राहिली. आपलं घर या दोहोंच्या मधलं आहे : त्याला गुहेचा आडोसाही नाही आणि जहाजासारखी रोज निगा राखणारी माणसंही नाहीत.

वीस टक्क्यांची वेस

लाकूड हवेतली ओल घेतं आणि सोडतं. हिवाळ्या-उन्हाळ्यात, हवा कोरडी असताना, ठाण्या-कल्याणच्या घरातल्या लाकडात त्याच्या कोरड्या वजनाच्या नऊ ते अकरा टक्के ओल असते. पावसाळ्यात हवेची आर्द्रता पंच्याऐंशी-नव्वद टक्क्यांवर जाते आणि लाकडातली ओल सतरा-अठरा टक्क्यांपासून वीसपर्यंत चढते. पाण्याचा एक थेंबही न लागता, केवळ हवेमुळे.

लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला साधारण वीस टक्क्यांच्या खाली वाढता येत नाही. अठ्ठावीस-तीस टक्क्यांच्या पुढे तिला भरभराटीची जागा मिळते, आणि आपल्या पावसाळ्यातलं पंचवीस-तीस अंशांचं तापमान तिला हवं तसंच असतं. म्हणजे कोकणातलं प्रत्येक लाकडी घर दर पावसाळ्यात धोक्याच्या वेशीवर चार महिने उभं राहतं. एक फुटकं कौल, एक गळका नळ, सतत ठिबकणारी एक कुंडी एवढंच निमित्त लाकडाला वेशीपलीकडे न्यायला पुरतं. पाऊस संपल्यावर लाकूड वाळलं तर बुरशी थांबते. वाळलं नाही तर ती दिवाळीतही खात राहते.

लाकडाचा वरचा थर करडा पडला की लोक घाबरतात. त्यात घाबरण्यासारखं फारसं नसतं. उन्हातले अतिनील किरण लाकडातलं लिग्निन हे चिकट द्रव्य मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि रंग उडतो. पाइनसारखं मऊ लाकूडही अशा रीतीने शंभर वर्षांत सहाएक मिलिमीटरच झिजतं. त्याउलट वरून झकपक रंगवलेल्या तुळईचं भिंतीत शिरलेलं टोक आतून भुसभुशीत झालेलं असू शकतं. धोका बहुधा न दिसणाऱ्या जागी असतो.

सागवानातही सगळं लाकूड सारखं नसतं. खोडाच्या मधल्या गडद गाभ्यात तेलकट द्रव्यं असतात. त्यांतलं टेक्टोक्विनोन वाळवीला सहन होत नाही. सालीलगतच्या फिकट लाकडात हे संरक्षण नसतं, उलट पिष्ट भरपूर असतं. म्हणून एकाच तुळईची एक कड पोखरलेली आणि बाकी भाग धड, असं दृश्य नेहमी दिसतं. लाकूड विकत घेताना किंवा दुरुस्तीचा तुकडा निवडताना 'साग आहे का' एवढंच विचारून भागत नाही. फिकट कड किती आहे ते पाहावं लागतं.

वैशाखातली शाकारणी

वर्षाचं सर्वांत महत्त्वाचं काम वैशाखात येतं : छप्पर शाकारणं. पूर्वी नळीची कौलं होती. ती हलकी, एकात एक बसणारी. वाऱ्याने, मांजरांनी, माकडांनी सरकायची, म्हणून दर वर्षी सगळी काढून पुन्हा लावावी लागत. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळुरात कौलांचा कारखाना काढला आणि खाचा असलेली, एकमेकांत अडकणारी मंगलोरी कौलं समुद्रमार्गे कोकणभर पोचली. त्यांनी कष्ट कमी केले, पण शाकारणी रद्द केली नाही. मंगलोरी कौलालाही तडे जातात, खाचांत पालापाचोळा आणि शेवाळ साठतं, आणि येऊरच्या बाजूच्या घरांत माकडांचा पाहुणचार चालूच असतो.

शाकारणीत नुसती फुटकी कौलं बदलून खाली उतरू नये. कौलं उघडलेली असतात तेव्हाच रिपा आणि वाशांची वरची बाजू पाहायला मिळते. एरवी वर्षभर ती दिसत नाही. काळे डाग कुठे आहेत ते पाहावं, कारण डाग हा पाण्याच्या वाटेचा नकाशा असतो. पाणी जिथून आत शिरतं तिथेच खाली टपकत नाही. ते वाशावरून दोन-चार हात घरंगळत जातं आणि मग पडतं. म्हणून खोलीतल्या गळतीच्या बरोबर वरचं कौल बदलूनही गळती थांबत नाही. डागाचा माग काढत आढ्याच्या दिशेने वर जावं लागतं.

वळचणीचं पाणी आढ्याला जात नाही, अशी आपली म्हण आहे. माणसांच्या व्यवहारात ती खरी असेल, छपराच्या बाबतीत मात्र दोनदा खोटी ठरते. पश्चिमेकडून वाऱ्याची झड आली की पाणी कौलांच्या सांध्यांतून उलटं वर चढतं. आणि खांबाच्या पायाशी, जिथे लाकडाच्या उभ्या नळ्या उघड्या पडलेल्या असतात, तिथे ते केशाकर्षणाने शोषलं जाऊन वर सरकतं. म्हणून शाकारणीत सर्वाधिक लक्ष पश्चिमेच्या पाख्याकडे, दोन पाखे मिळतात त्या पन्हळीकडे आणि छप्पर भिंतीला टेकतं त्या सांध्याकडे द्यावं. पन्हळीतला पाला काढणं हे तासाभराचं काम असतं. ते राहिलं तर पाणी तुंबून कोनवाशावर उलटतं, आणि कोनवासा बदलायला सुतार, जॅक आणि आठवडाभराची मजुरी लागते.

अलीकडे शाकारणीला सोपा पर्याय म्हणून कौलांवर निळी ताडपत्री पसरतात. जूनमध्ये लोकलच्या दारातून पाहिलं की रुळांलगतच्या वस्त्या अशाच निळ्या दिसतात. चार महिन्यांचा उपाय म्हणून ती चालेल. पण ऑक्टोबरात ती काढली नाही तर खालची ओल उडून जायची वाट बंद होते. कौलांच्या फटींतून हवा खेळते म्हणून वासे वाळतात. ताडपत्री पाणी अडवते तशी ही हवाही अडवते.

पाऊस चालू असताना

पावसाळ्यात दुरुस्ती करू नये, पण पाहणी जरूर करावी. पहिला मोठा पाऊस कोसळत असताना बॅटरी घेऊन माळ्यावर जावं आणि ओल्या जागांवर खडूने खूण करावी. पाणी वाहत असतानाच त्याची वाट दिसते. दोन दिवसांनी फक्त तर्क करता येतो.

बाहेर पागोळ्या कुठे पडतात ते बघावं. जमिनीवर आदळलेलं पाणी उसळून जोत्यावर आणि खांबाच्या पायावर उडतं. पूर्वी जोतं हातभर तरी उंच असे आणि खांब जमिनीत न गाडता तळखड्यावर, म्हणजे कोरलेल्या दगडी बैठकीवर, उभा असे. ठाण्या-कल्याणात रस्ते दर डांबरीकरणात, काँक्रिटीकरणात वर येत गेले आणि जुनी जोती खाली राहिली. काही घरांत आता रस्त्याचं पाणी ओटीवर येतं. तिथे तळखडा भोवतालच्या लादीत बुडालेला असेल तर त्याच्याभोवतीची लादी तोडून दगड पुन्हा मोकळा करणं, ही खांबाची सगळ्यांत स्वस्त आयुर्वृद्धी आहे.

घराच्या आत पाण्याचे साठे कुठे आहेत तेही पावसाळ्यात कळतं. पाणी ठरावीक वेळीच येतं म्हणून माडीवर पिंपं भरून ठेवतात. दोनशे लिटरचं पिंप म्हणजे कडीपाटावर दोनशे किलोंचं कायमचं ओझं, आणि त्याच्या बुडाशी कायमची ओल. गॅलरीच्या फळ्यांवर थेट ठेवलेल्या कुंड्यांचंही तेच. दोन्ही चार विटांवर उचलून ठेवल्या की खालून हवा फिरते.

खाणारे आणि कोरणारे

पहिल्या पावसाच्या संध्याकाळी ट्यूबलाइटभोवती पंखवाले किडे थव्याने जमतात आणि सकाळी जमिनीवर नुसते पंख पडलेले असतात. ही वाळवीची नवी जोडपी असतात. अंगणातून आली असतील तर काळजी नाही. खोलीच्या कोपऱ्यातून, चौकटीच्या फटीतून निघालेली दिसली तर वसाहत घराच्या आत किंवा खाली आहे असं समजावं.

आपल्याकडची बहुतेक वाळवी जमिनीतून येते. तिला ओल सोडवत नाही, म्हणून ती मातीच्या बारीक नळ्या बांधत भिंतीवरून लाकडापर्यंत चढते. नळी दिसली की लगेच पुसून टाकू नये. मधला बोटभर भाग मोडावा आणि तीन-चार दिवसांनी पाहावं. नळी पुन्हा जोडली गेली असेल तर वाळवी कामावर आहे. त्या नळीवर रॉकेल ओतल्याने दिसणाऱ्या कामकरी मरतात. जमिनीखालची राणी अंडी घालत राहते. उपाय जमिनीतच करावा लागतो : जोत्याच्या कडेने ठरावीक अंतरावर भोकं पाडून औषध मातीत मुरवणं. उभ्या इमारतींसाठी याची पद्धत भारतीय मानक ६३१३च्या तिसऱ्या भागात दिलेली आहे. ठेकेदाराकडून औषधाचं नाव आणि प्रमाण लिहून घ्यावं. अल्ड्रिन, क्लोरडेन ही जुनी औषधं आता बंद आहेत. आणि जिन्याखालची रद्दी हलवावी. भिंतीला टेकलेले जुन्या वर्तमानपत्रांचे गठ्ठे हे वाळवीला दिलेलं निमंत्रण असतं.

दुसरा शत्रू पावडरचा किडा. लाकडाच्या फिकट भागात टाचणीच्या डोक्याएवढी भोकं दिसतात आणि खाली पिठासारखा बारीक भुसा पडतो. भोकं जुनी असू शकतात, म्हणून भुसा झाडून काळा कागद ठेवावा. आठवड्याने कागदावर पांढरी पूड दिसली तर किडा जिवंत आहे. बोरिक ॲसिड आणि बोरॅक्सचं पाण्यातलं मिश्रण अशा लाकडाला दोन-तीनदा पाजतात. ते माणसाला तुलनेने सौम्य आहे, पण पावसात धुऊन जातं. म्हणून ते छपराखालच्या लाकडालाच द्यावं आणि वाळल्यावर वरून तेलाचा हात मारावा. ओंडक्यांच्या घरांसाठी परदेशातही हेच वापरतात. कायम ओल्या जागेसाठी अधिक टिकाऊ औषध लागतं. तांबं, क्रोमियम आणि आर्सेनिक यांचं जगभर वापरलं गेलेलं मिश्रण १९३०च्या दशकात डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेत सोंटी कामेशम यांनी तयार केलं होतं. आर्सेनिक विषारी असल्यामुळे राहत्या घरात त्याचा वापर आता टाळतात.

तिसरा भुंगा. काळा, मोठा, गुणगुणणारा. वाशात करंगळी जाईल असं गोल भोक पाडतो, आणि हे काम मादी करते. कठीण लाकूड कोरणारा भ्रमर कोवळ्या कमळात अडकतो, ही प्रतिमा ज्ञानेश्वरीच्या पहिल्या अध्यायातही आली आहे. घरमालकाला कळायला हवं ते वेगळंच : भुंगा लाकूड खात नाही, त्यात अंडी घालण्यासाठी खोल्या करतो, आणि ठरलेल्या जागी वर्षानुवर्षं परत येतो. पिल्लं उडून गेल्यावर भोकात लाकडी खुंटी ठोकून वर रंग लावला की पुरे.

गेल्या पन्नास वर्षांत घरातून एक राखणदारही गेला : चुलीचा धूर. माजघराच्या वरचे वासे धुराने काळे होत, कोरडे राहत आणि त्यावर बसलेल्या काजळीत डांबरासारखी द्रव्यं असल्याने किडे दूर राहत. गॅस आला, बायकांच्या डोळ्यांना आणि फुप्फुसांना सुटका मिळाली. ते योग्यच झालं. पण धूर जे फुकट करत होता ते काम आता माणसाने करायचं आहे, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

सिमेंटची मेहरबानी

जुन्या घरांचं सर्वाधिक नुकसान प्रेमाने केलेल्या दुरुस्त्यांनी झालं आहे. चुना-मातीचा गिलावा ओल घेतो आणि सोडतो. तो खरवडून त्याजागी सिमेंटचा जाड गिलावा केला की भिंतीतली ओल बाहेर पडायला वाट शोधते, आणि ती वाट तिला भिंतीत शिरलेल्या तुळईच्या टोकात मिळते. तुळईच्या टोकाभोवती बोटभर मोकळी जागा ठेवावी, टोकाला औषध द्यावं आणि सिमेंटने ते घट्ट चिणू नये.

न्हाणी आणि संडास पूर्वी घराबाहेर असत. ते आत आले, ही सोय हवीच. पण कडीपाटावर लाद्या बसवून केलेलं बाथरूम हे लाकडी घराचं सर्वांत नाजूक ठिकाण असतं. लाद्यांच्या सांध्यांतून झिरपणारं पाणी खालच्या फळीत मुरतं आणि खालून प्लायवुडचं छत मारलेलं असेल तर ते कोणाला दिसतही नाही. बाथरूम जमिनीवरच, जोत्यावर घ्यावं. वर घ्यावंच लागलं तर खालची बाजू उघडी ठेवावी. एसीच्या पाण्याची नळी वळचणीबाहेर न्यावी. ओलसर लाकडावर ऑइल पेंट मारू नये. रंगाला फोड आले तर लाकूड आतून ओलं आहे असं समजावं.

भिंतीतलं पिंपळाचं रोपही याच यादीत येतं. ते उन्हाळ्यात कापलं तर वरचा भाग जातो, मुळं राहतात. पावसात सांधा मऊ झाल्यावर मुळासकट ओढून काढावं आणि फट चुन्याने भरावी.

तुळशीच्या लग्नानंतर

पाऊस सरून हवा कोरडी झाली की दुसरी पाहणी. साधनं तीन : हातोडी, टोच्या आणि बॅटरी. हातोडीच्या दांड्याने खांब खालपासून वर ठोकत जावं. भरीव लाकडाचा आवाज खणखणीत येतो, पोकळाचा भद्द. शंकेच्या जागी टोच्या दाबावा. तो सहज आत गेला तर कूज आहे. दोन सुयांचं ओल मोजायचं छोटं यंत्र मिळतं, ते घेतलं तर अंदाजाऐवजी आकडा हाती येतो. डिसेंबरातही वीसच्या वर आकडा दाखवणारी जागा म्हणजे कुठूनतरी पाणी चालूच आहे.

तेल याच दिवसांत द्यावं. अळशीचं उकळलेलं तेल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून पातळसा हात, अर्ध्या तासाने उरलेलं पुसून घेणं, आणि पूर्ण वाळल्यावर दुसरा हात. जाड थर दिला तर तो चिकट राहतो आणि पावसाळ्यात त्यावरच बुरशी धरते. तेलाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत. अळशीचं तेल वाळताना उष्णता सोडतं आणि फडक्यांचा बोळा आपोआप पेटू शकतो. ती पसरून वाळवावीत किंवा पाण्यात बुडवावीत. कोकणात काजूच्या टरफलांचं तेलही लाकडाला आणि होड्यांना लावतात. वाळवी आणि पाणी दोन्हींविरुद्ध ते चांगलं काम करतं. पण बिब्ब्यासारखं कातडी भाजतं, म्हणून हातमोजे हवेतच.

कुजलेला भाग सापडला म्हणून सगळी तुळई काढायची गरज नसते. लाकडाचा मोठा गुण इथे कामी येतो. खांबाचा पाय कुजला असेल तर टेकू देऊन, जॅकने भार उचलून, खालचा दोन-तीन फुटांचा भाग कापतात आणि जुन्या सागाचा नवा पाय सांध्याने जोडतात. जुनं सागवान वखारींत मिळतं. पाडलेल्या चाळींचं लाकूड तिथेच येतं आणि ते पुरतं वाळलेलं असतं. रशियात किझी बेटावरचं १७१४चं ओंडक्यांचं चर्च असंच वाचवलं गेलं : वरचे मजले जॅकवर तोलून धरून खालचे ओंडके एकेक थराने बदलले. पारनाक्याचा सुतार आणि किझीचा सुतार एकाच तत्त्वावर काम करतो.

मुरबाड-कर्जतची नवी केबिनं

ठाण्या-डोंबिवलीकरांनी मुरबाड, कर्जत, शहापूरकडे जागा घेतल्या आणि काहींनी तिथे पाइनच्या लाकडाची केबिनं उभी केली. पाइन म्हणजे सागाचा गाभा नव्हे. औषध दाबून भरलेलं नसेल तर आपला पाऊस त्याला काही वर्षांतच खातो. अशा घराला वळचण दोन फुटांची तरी हवी आणि खालचा ओंडका जमिनीपासून दीड फूट वर हवा. दर उन्हाळ्यात भिंतीवर पाणी शिंपडून पाहावं : थेंब घरंगळले तर थर शाबूत आहे, लाकडाने पाणी शोषलं तर नवा हात द्यायची वेळ झाली. चकचकीत वॉर्निशचा थर आपल्या उन्हात तडकतो आणि तड्यांतून पाणी आत शिरून अडकतं, म्हणून आत मुरणारं तेलच बरं. ओंडक्याच्या वरच्या अंगाला गेलेली रुंद भेग भरावी, कारण तीत पाणी साठतं. खालच्या अंगाची भेग तशीच सोडावी, तिच्यातून पाणी निथळतं.

कोणी करायचं

एकाच्या मालकीच्या घरात हा प्रश्न सोपा असतो. चाळीत आणि वाटण्या झालेल्या वाड्यात तो अवघड होतो. महाराष्ट्र भाडेनियंत्रण कायद्याच्या कलम १४ नुसार दुरुस्तीची जबाबदारी मालकाची आहे. पण कित्येक जुन्या खोल्यांची वर्षभराची भाडी जमवली तरी एका कोनवाशाची मजुरी सुटत नाही. पुनर्विकासाची बोलणी सुरू झाली की दोन्ही बाजूंना शाकारणी हा वायफळ खर्च वाटू लागतो. बोलणी दहा वर्षं रेंगाळतात आणि तेवढ्यात छप्पर निकाल लावून मोकळं होतं.

तीस वर्षांवरच्या इमारतींना महापालिका कायद्याच्या कलम २६५-अ प्रमाणे संरचनात्मक तपासणी करून घ्यावी लागते. पावसाळ्यापूर्वी ठाणे आणि कल्याण-डोंबिवली महापालिका धोकादायक इमारतींच्या याद्या जाहीर करतात. सी-१ म्हणजे रिकामी करून पाडायची, सी-२ए म्हणजे रिकामी करून दुरुस्त करायची, सी-२बी म्हणजे राहून दुरुस्त करता येणारी, सी-३ म्हणजे किरकोळ दुरुस्तीची. तपासणीसाचा दाखला सी-१ असेल तर भावनेपोटी तिथे राहू नये. सडलेली तुळई आधी सूचना देऊन पडत नाही. पण सी-३ ते सी-१ हा प्रवास एका रात्रीत होत नसतो. तो फुटक्या कौलापासून सुरू होतो आणि प्रत्येक टप्प्यावर थांबवता येतो.

त्यासाठी एक वही करावी. शाकारणीची तारीख, बदललेली कौलं, खडूच्या खुणा कुठे होत्या, कुठल्या खांबाचा आवाज बदलला, ओलीचा आकडा किती, कोणतं औषध कधी दिलं, सुताराचं नाव. चाळ असेल तर वही प्रत्येक वर्षी वेगळ्या बिऱ्हाडाकडे राहावी आणि वर्गणीचा हिशेबही तिच्यातच असावा. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की घराचं दुखणं नेमकं कुठे आहे ते कागदावर दिसू लागतं. तपासणीसाला दाखवायला पुरावा मिळतो, आणि खर्च कुठे करायचा व कुठे नाही, यावर बिऱ्हाडांना अंदाजाने भांडण्याऐवजी आकड्यांवर बोलता येतं.